मुंबई ते न्यू यॉर्क : किलोमीटर किती, तास किती?

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासाबद्दल बरीच पत्रं आली आहेत. मुलांकडे निघालेले आई-वडील, शिकायला जाणारे विद्यार्थी आणि भूगोलाचे शिक्षक यांचे प्रश्न त्यांत जास्त आहेत. बहुतेकांनी मुंबई–न्यू यॉर्क मार्गाबद्दल विचारलं आहे, म्हणून उदाहरणं शक्यतो त्याच मार्गाची घेतली आहेत.

प्रश्न : मुंबई ते न्यू यॉर्क हवाई अंतर एका वेबसाइटवर १२,५४० दिसतं, दुसरीवर ७,७९० आणि तिसरीवर ६,७७०. यातलं खरं कोणतं? आणि हे अंतर स्वतः काढता येतं का? (वाचक, सांगली)

तिन्ही खरे आहेत, फक्त एककं वेगळी आहेत. पहिला आकडा किलोमीटरचा. दुसरा जमिनीवरच्या मैलांचा, म्हणजे १ मैल = १.६०९ किमी. तिसरा नॉटिकल मैलांचा, म्हणजे १ नॉटिकल मैल = १.८५२ किमी. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक नॉटिकल मैलातच बोलतात. बऱ्याच वेबसाइट एकक बारीक अक्षरात लिहितात किंवा लिहीतच नाहीत. आकडा विचित्र वाटला, तर त्याला १.६०९ ने आणि १.८५२ ने गुणून बघा. दोहोंपैकी एक उत्तर ओळखीचं निघेल.

स्वतः अंतर काढायला साइन-कोसाइन असलेला साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. मुंबई : १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यू यॉर्कचा जेएफके विमानतळ : ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची : १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूला असते, तर वजाबाकी केली असती.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा : ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार : ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०. दोन्हींची बेरीज −०.३८६०. या आकड्याचा उलट कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की ११२.७ अंश मिळतात. पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून अंतर सुमारे १२,५३० किमी.

इथे चुका होतात त्या तीन ठिकाणी. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असतो. नकाशातले १९ अंश ५ मिनिटं कुणी १९.०५ असे लिहितं, पण ५ मिनिटं म्हणजे ५ भागिले ६०, तेव्हा ते १९.०८ होतात. आणि तिसरी चूक ०.८३५३ च्या आधीचं उणे चिन्ह विसरण्याची. ते विसरलात तर उत्तर ३,९७० किमीच्या आसपास येईल. मुंबईहून इतक्या अंतरात न्यू यॉर्क बसत नाही, हे लगेच लक्षात यायला हवं.

हा हिशेब पृथ्वी अगदी गोल धरून केलेला आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे चपटी आहे, विषुववृत्तीय आणि ध्रुवीय त्रिज्येत २१ किमीचा फरक आहे. तो धरून काढलेलं उत्तर थोडं बदलतं, पण फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. जेएफकेऐवजी न्यूअर्क विमानतळ धरला तरी आकड्यात विशेष फरक पडत नाही. मात्र न्यूअर्क शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे, त्यामुळे घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना विमानतळाचं नाव नीट सांगा.

प्रश्न : वर्गातल्या नकाशात न्यू यॉर्क मुंबईच्या जवळजवळ थेट पश्चिमेला दिसतं. मग सगळ्यात जवळचा रस्ता आइसलँडवरून जातो, हे विद्यार्थ्यांना कसं पटवू? (शिक्षक, नाशिक)

पृथ्वीचा गोल आणि दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यू यॉर्कवर दाबून धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो, कारण ताणलेला दोरा सर्वांत कमी लांबीच्या रेषेवरच बसतो. हीच बृहद्वृत्ताची रेषा. ती कंदाहारजवळून जाते, कॅस्पियन आणि अरल या समुद्रांच्या मधून वर सरकते, मॉस्कोच्या अगदी जवळून आणि सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेकडून पुढे नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइमकडे जाते. सर्वांत उत्तरेला ती सुमारे ६४.७ अंशांवर असते. मग आइसलँड ओलांडून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाच्या किंचित खालून लॅब्रेडॉरला पोचते. म्हणजे मुंबईहून निघताना दिशा वायव्येपेक्षाही उत्तरेकडची, ३३३ अंशांची, आणि न्यू यॉर्कला विमान येतं ते ईशान्येकडून.

भिंतीवरचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असेल, तर त्यावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया आणि मोरोक्कोवरून जाते. तिची लांबी सुमारे १४,२०० किमी भरते. दोऱ्याच्या रेषेपेक्षा १,६०० किमीहून जास्त. मर्केटर नकाशा दिशा बरोबर दाखवतो, अंतर नाही. ध्रुवांकडे जावं तसा तो सगळं ताणत नेतो, म्हणूनच त्यावर ग्रीनलँड अवाढव्य दिसतं.

विद्यार्थ्यांना आणखी एक जोडी द्या : बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को, अंतर सुमारे १४,००० किमी. इथे दोरा उत्तर ध्रुवाच्या दिशेने किती वर जातो ते त्यांना स्वतः बघू द्या. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला पहिलं थेट विमान आणलं, ते याच ध्रुवीय मार्गाने. त्यावरच्या सगळ्या वैमानिक महिला होत्या.

प्रश्न : पण विमान कुठे आहे ते दाखवणाऱ्या ट्रॅकरवर आमचं विमान मॉस्कोकडे न जाता आखातावरून आणि तुर्कस्तानवरून जाताना दिसलं. वैमानिक लांबचा रस्ता का घेतात? (वाचक, ठाणे)

कारण आकाशही देशोदेशींचं आहे. कुठून जायचं ते वैमानिकाच्या मनावर नसतं. उड्डाणाच्या काही तास आधी कंपनीच्या डिस्पॅच विभागाने उड्डाण आराखडा तयार केलेला असतो. त्यात परवानगी कुठे आहे, वारा कसा आहे, ओव्हरफ्लाइट शुल्क, म्हणजे दुसऱ्या देशाच्या आकाशातून जाण्याचे पैसे, किती पडतं आणि वाटेत कोणते विमानतळ पर्यायी म्हणून वापरता येतील, हे सगळं धरलेलं असतं.

सरळ रेषेवर सध्या कोणते अडथळे आहेत ते पाहा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत ते बंद होतं. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर नेहमीसारखं हवाई वाहतूक नियंत्रण राहिलेलं नाही. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी, कॅनडाच्या, ब्रिटिश आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद आहे. भारतीय कंपन्यांना ते मोकळं आहे, पण तिथवर पोचायची जवळची वाट पाकिस्तानातूनच जाते.

मग आखातावरून गेल्याने किती लांब पडतं? वर सांगितलेल्या पद्धतीने तुकडे जोडून बघू. मुंबई–मस्कत १,५९०, मस्कत–इस्तंबूल ३,३७०, इस्तंबूल–लंडन २,५१० आणि लंडन–न्यू यॉर्क ५,५४०. एकूण साधारण १३,००० किमी. म्हणजे जास्तीचे पाचशेही नाहीत, चार टक्क्यांच्या आसपास. वेळेत सांगायचं तर अर्धा तास. इतक्या लांबच्या प्रवासात रेषेपासून थोडं बाजूला सरकलं तरी फार किंमत मोजावी लागत नाही.

दिल्लीची गोष्ट वेगळी आहे. दिल्ली–न्यू यॉर्क सरळ अंतर सुमारे ११,७६० किमी, म्हणजे मुंबईपेक्षा कमी. पण दिल्लीहून निघालेल्या विमानाला पाकिस्तान टाळण्यासाठी आधी उलट गुजरातच्या किनाऱ्याकडे खाली यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. त्यामुळे २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. आकाशबंदीचा फटका सगळ्या भारताला सारखा बसतो असं नाही. महाराष्ट्रातल्या प्रवाशाने मुंबईहून पर्याय असताना दिल्लीमार्गे तिकीट घेण्यापूर्वी हे तपासावं.

आखाताचा मार्गही कायम खात्रीचा नाही. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराण, इराक, इस्रायल आणि जॉर्डनची आकाशं काही दिवस बंद झाली, तेव्हा विमानं सौदी अरेबिया आणि इजिप्तकडून वळवावी लागली.

प्रश्न : जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा. अंतर तेच असताना दीड तास कुठे जातो? (वाचक, पुणे)

वाऱ्यात जातो. पृथ्वीच्या फिरण्याचा यात थेट संबंध नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे विमानाखालून जमीन सरकून जाते ही समजूत चुकीची आहे.

मध्य अक्षांशांत ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून ते तयार होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून वारेही जोर धरतात. पट्ट्याच्या गाभ्यात तेव्हा ताशी ३०० किमीपेक्षा जास्त वेग मिळणं नवलाचं नसतं. प्रवासी विमानंही नेमकी याच उंचीवर उडतात.

आता हिशेब. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० हवेच्या तुलनेत ताशी साधारण ९०० किमीने जातं, म्हणजे माख ०.८५ ने, ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट. वर काढलेला १३,००० किमीचा मार्ग वारा नसताना १४ तास २७ मिनिटांत होईल. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी ६० किमीचा समोरचा वारा धरा : वेग ८४०, वेळ १५ तास २९ मिनिटं. परतताना तोच वारा मागून : वेग ९६०, वेळ १३ तास ३२ मिनिटं. जाताना ६२ मिनिटं गेली आणि येताना ५५च परत मिळाली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, मागच्या वाऱ्यात लवकर सुटतं, म्हणून जाण्या-येण्याचा हिशेब कधीच बरोबरीचा होत नाही. दोन्हींत चढण, उतरण आणि विमानाचं जमिनीवरचं चालणं (टॅक्सी) मिळून अर्धा-पाऊण तास मिळवला की तिकिटावरच्या वेळा जमतात.

वाऱ्याचं महत्त्व नीट दाखवणारं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेलं एअर इंडियाचं हे विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, पण प्रवास साडेचौदा तासांत झाला, पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास आधी. १५,३०० भागिले १४.५ करा, सरासरी वेग ताशी १,०५५ किमी येतो. विमान तेच आणि इंजिनाचा जोरही तोच. ताशी दीडशे किमीची भर वाऱ्याने घातली. तेव्हा एखाद्या मार्गाचे किलोमीटर बघून तासांचा अंदाज बांधू नका, दिशा आणि महिना आधी बघा.

यावरूनच आणखी एका पत्राचं उत्तर मिळतं. समोरच्या पडद्यावर वेग १,१५० दिसला, म्हणजे विमानाने ध्वनीचा वेग गाठला का? नाही. पडद्यावर दिसतो तो जमिनीच्या तुलनेतला ग्राउंड स्पीड. आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत विमान ताशी ९००नेच जात असतं आणि विमानाच्या सांगाड्यावर ताण येतो तो त्याच वेगाचा.

प्रश्न : तिकिटावर मुंबई ०२:०० आणि न्यू यॉर्क ०७:३०, तारीख तीच. म्हणजे प्रवास साडेपाच तासांचा? (वाचक, सोलापूर)

तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे असते. दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा आणि मग वजा करा. भारत यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. न्यू यॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे, उन्हाळ्यात ४ तास मागे.

जानेवारीतलं तिकीट असेल तर मुंबईचे ०२:०० म्हणजे आदल्या दिवशीचे यूटीसी २०:३०. न्यू यॉर्कचे ०७:३० म्हणजे यूटीसी १२:३०. फरक १६ तास. याच वेळा जुलैच्या तिकिटावर असत्या, तर प्रवास १५ तासांचा ठरला असता. परतीचंही बघा : जानेवारीत न्यू यॉर्कहून दुपारी १२ ला निघालं आणि साडेचौदा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता पोचेल.

अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. मार्चमधल्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यू यॉर्कमधला फरक नेहमीच्या पाचऐवजी चार तासांचा असतो. त्या दिवसांत लंडनमार्गे जाणाऱ्यांनी फोनवरून वेळ कळवताना काळजी घ्यावी.

तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतची असते, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. कंपन्या त्यात गर्दीचा आणि वाऱ्याचा विचार करून थोडी सवड ठेवतात. म्हणून पाऊण तास उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेवर पोचतं.

सर्वांत महागात पडणारी चूक मध्यरात्रीची आहे. १२ तारखेचं ००:४० चं विमान म्हणजे ११ तारखेच्या संध्याकाळी घरून निघायचं. १२ च्या रात्री विमानतळावर पोचलात, तर विमान जवळजवळ चोवीस तासांपूर्वी गेलेलं असेल. तिकीट हातात पडलं की वार लिहून ठेवा : "सोमवारी रात्री जेवून निघायचं." सोलापूरहून येणाऱ्यांनी मुंबईपर्यंतच्या रस्त्याचा वेळही त्यात धरावा.

प्रश्न : इंधन जास्त भरून विमान अजून लांब का नेत नाहीत? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

इंधनालाही वजन असतं आणि ते वजन वाहायला पुन्हा इंधन लागतं. बोइंग ७७७-३०० ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं, म्हणजे साधारण १४५ टन. या विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन ३५१ टन आहे. म्हणजे टाक्या भरल्या की चाळीस टक्के वजन इंधनाचंच. ढोबळ नियम असा की जास्तीच्या प्रत्येक टनातले तीन-चार टक्के दर तासाला, ते वाहून नेण्यातच जळतात. पंधरा तासांच्या उड्डाणात एक टन जादा इंधन घेतलं, तर चारशे किलोच्या आसपास वाटेतच संपतं.

शिवाय सगळं इंधन प्रवासासाठी वापरता येत नाही. प्रवासाच्या इंधनावर साधारण पाच टक्के आकस्मिक साठा, मुक्कामी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यापुरतं इंधन, आणि त्यावर आणखी ३० मिनिटं १,५०० फुटांवर घिरट्या घालण्याइतका अखेरचा साठा ठेवावा लागतो. या शेवटच्या साठ्याला हात लागणार असं दिसलं, की वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावीच लागते.

मग हिवाळ्यात वारा फार असला, की कमी करता येतं ते माल आणि प्रवासी. पश्चिमेला जाणाऱ्या विमानात काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या जातात त्या यामुळे. उष्णतेचाही अडसर असतो. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टी जास्त लागते. मुंबईहून अमेरिकेची विमानं रात्री निघण्याचं हे एक कारण आहे, तिकडे सकाळी पोचणं हे दुसरं.

सध्याचा सर्वांत लांब नियमित थेट मार्ग सिंगापूर–न्यू यॉर्क आहे, १५,३४९ किमी. त्यासाठी ए३५० च्या खास प्रकारात इंधनक्षमता १,६५,००० लिटरपर्यंत वाढवली आणि इकॉनॉमी वर्ग ठेवलाच नाही. यावरून किमतीची कल्पना यावी.

प्रश्न : समुद्रावर एक इंजिन बंद पडलं तर? (वाचक, रत्नागिरी)

दोन इंजिनांचं विमान एकावर उडत राहतं, फक्त खालच्या उंचीवर आणि कमी वेगाने. अशा विमानांना नियम असतो की वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाहून एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत कोणत्या तरी योग्य विमानतळावर पोचता आलं पाहिजे. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं ७७७ एका इंजिनात बिघाड झाल्यावर रशियाच्या मगदान इथे सुखरूप उतरलं. प्रवाशांना दुसरं विमान येईपर्यंत तिथे थांबावं लागलं. म्हणूनच रोजची औषधं, चष्मा आणि एक उबदार कपडा हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.

प्रश्न : डायरेक्ट आणि नॉनस्टॉप यांत फरक काय? वाटेत बदल असेल तर किती वेळ हाताशी ठेवावा? (वाचक, कोल्हापूर)

नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही उतरणार नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण विमान मध्ये थांबू शकतं. बुकिंग करताना "स्टॉप्स" या रकान्यात शून्य आहे का ते पाहा.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढचं विमान चुकल्यास पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं घेतलीत तर ती तुमची. तेव्हा मध्ये निदान सहा तास ठेवा, आणि दुसरं तिकीट महागडं असेल तर रात्रभराचा मुक्काम करा. अमेरिकेत पुढचं देशांतर्गत विमान पकडायचं असेल, तर पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. बॅगा स्वतः उचलून कस्टममधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. एकाच तिकिटावरही तिथे तीन तास बरे. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच उरकतं आणि पलीकडे तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता.

युरोपातून जाताना शेंगेन देशांतले (एकाच सामायिक व्हिसाचा युरोपीय गट) दोन विमानतळ येत असतील, उदाहरणार्थ फ्रँकफर्ट आणि मग पॅरिस, तर त्यांच्यामधलं विमान अंतर्गत धरलं जातं आणि शेंगेन व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटांत असे जोड सर्रास असतात.

विमानतळही नीट पाहा. मुंबईतच टी-१ सांताक्रूझला आणि टी-२ सहारला आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. उतरणार एकीकडे आणि पुढचं विमान दुसरीकडे असेल, तर रस्त्यासाठी गर्दीच्या वेळी दोन तास वेगळे धरा. गोव्यात दाभोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. सावंतवाडी-कुडाळच्या वाचकांना मोपा जवळ पडतो, मडगावकरांना दाभोळी.

प्रश्न : मुलीचं विमान अटलांटिकवर असताना ट्रॅकरवरून एकदम नाहीसं झालं. आम्ही फार घाबरलो. असं का होतं? (वाचक, नागपूर)

विमान सतत आपलं स्थान रेडिओवरून सांगत असतं आणि ते संदेश जमिनीवरचे रिसीव्हर पकडतात. एका रिसीव्हरचा पल्ला साधारण साडेतीनशे-चारशे किमी. समुद्राच्या मधोमध रिसीव्हर नसतात, त्यामुळे ट्रॅकर एक तर विमान दाखवणं थांबवतो किंवा अंदाजाने तुटक रेषा काढतो. आयर्लंड सोडल्यावर ते गायब होणं आणि काही तासांनी कॅनडाच्या किनाऱ्याजवळ पुन्हा दिसणं नेहमीचं आहे. काळ्या समुद्रावर किंवा आखातात विमान भलतीकडेच उडी मारताना दिसलं, तर तेही बहुधा त्या भागात जीपीएसमध्ये केल्या जाणाऱ्या हस्तक्षेपामुळे असतं. हवाई नियंत्रकांशी विमानाचा संपर्क उपग्रहावरून आणि लांब पल्ल्याच्या रेडिओवरून वेगळा चालूच असतो.

पुढच्या वेळी नकाशाऐवजी विमान कंपनीच्या पानावरची पोचण्याची अंदाजे वेळ बघा. आणायला जाणाऱ्यांनी विमान टेकल्यानंतर गेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, मग इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम मिळून एक ते दोन तास धरावेत. फोन लागला नाही तरी तेवढा वेळ थांबा, मुलीच्या फोनमध्ये तिथलं सिम सुरू व्हायलाही वेळ लागतो.